हातानं आणलेला हिवाळा

दौलताबादच्या मुलखात द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, अशी नोंद इब्न बतूतानं केली आहे. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो दिल्लीहून दक्षिणेत उतरला होता आणि मोरोक्कोला परतल्यावर, १३५५च्या सुमारास, त्याच्या तोंडून हे प्रवासवर्णन उतरवून घेतलं गेलं. इतक्या वर्षांनी इतक्या दूर बसून त्याला ही गोष्ट आठवावी यात मला नवल वाटत नाही. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत द्राक्षवेली हिवाळ्यात पानं टाकतात, थंडी संपेपर्यंत उघड्या काड्यांनी उभ्या राहतात आणि उन्हाळ्यात एकदा फळ देतात. दख्खनमध्ये त्याच वेली दोनदा फळताना त्यानं पाहिल्या. त्या एका वाक्यामागे मला मात्र पाणी तोडून वाट बघत बसलेला बागवान दिसतो. कारण आपल्याकडे ही झाडं आपणहून दोनदा फळत नाहीत. नीट एकदासुद्धा फळत नाहीत.

अंजीर, डाळिंब, द्राक्ष ही तिन्ही परमुलखातून आलेली. अंजिराची गोष्ट तर फार जुनी. जॉर्डनच्या खोऱ्यात गिलगाल इथं सापडलेली जळकी अंजिरं सुमारे ११,४०० वर्षांपूर्वीची असल्याचं संशोधकांनी २००६ साली जाहीर केलं. तिकडं थंडी आली की झाड पानांतलं सत्त्व खोडात, मुळांत ओढून घेतं, देठाशी पेशींचा एक नाजूक थर तयार होतो आणि पान गळतं. डोळे मिटलेले राहतात. थंडी सरली की सगळे एकदम उघडतात, म्हणून पीक एकदम येतं. दख्खनच्या पठारावर ती थंडी नाही. पाणी मिळत राहिलं तर ही झाडं बाराही महिने हिरवी राहतात. आज या फांदीला चार फुलं, महिन्यानं त्या फांदीला सहा, असं चालतं. झाड टवटवीत दिसतं, पण बाजारात न्यायला पाटी भरत नाही. म्हणून इथल्या बागवानानं हिवाळाच हातानं करायला घेतला. पाणी तोडायचं, मुळ्या उघड्या पाडायच्या, पानं उतरवायची, फांद्या छाटायच्या आणि झाडाला महिनाभर झोपवायचं. मग आपण ठरवू त्या दिवशी उठवायचं. याला बहार धरणं म्हणतात. फळबागांच्या इतिहासात वाणांची नावं येतात, ते शोधणाऱ्यांची येतात, बाजारपेठांची येतात. ज्या कौशल्यावाचून यातलं एकही फळ हाती आलं नसतं, त्याला मात्र दोन ओळी मिळतात. मला त्याबद्दल सविस्तर लिहायचं आहे.

माझं माहेर सांगोल्याकडचं, डाळिंबाचं. सासर पुरंदर तालुक्यात, अंजिराचं. म्हणजे पानं पाडायची दोन्ही शास्त्रं मी घरातच पाहिली.

पुरंदर हा सह्याद्रीच्या पावसाच्या आडोशाला पडलेला तालुका. कऱ्हा नदीच्या दोन्ही अंगांना मुरमाड, उताराच्या जमिनी, पाणी न धरणाऱ्या. अंजिराला हेच लागतं. बुडाशी पाणी साचलं की अंजिराची मुळी कुजते. दिवे, सोनोरी, झेंडेवाडी, सिंगापूर, गुरोळी या पट्ट्यात घरटी दहा-वीस का होईना, पण झाडं असतात. इथल्या अंजिराचं आणखी एक वैशिष्ट्य सांगायला हवं. तुर्कस्तानातल्या स्मर्ना अंजिराला परागीकरणासाठी एक विशिष्ट बारीक गांधीलमाशी लागते, ती नसेल तर फळ गळून जातं. आपलं पुणेरी अंजीर त्या माशीवाचून पोसतं. पण स्मर्ना सुकवून जगभर जातं आणि आपलं ताजंच खावं लागतं, झाडावरून उतरल्यावर फार तर दोन-तीन दिवस. त्यामुळे दिवेघाट उतरून पुण्याची मंडई जवळ असणं हाच या बागांचा आधार होता. १८८६ साली ती मंडई बांधून झाली. आज ती जोतीराव फुल्यांच्या नावानं ओळखली जाते. फुल्यांचं घराणं पुण्यात फुलांच्या धंद्यात स्थिरावण्याआधी याच तालुक्यातल्या खानवडीत होतं. आता पुरंदरच्या नियोजित विमानतळाच्या आराखड्यात ज्या सात गावांची नावं आहेत, त्यांत खानवडीही आहे.

पुरंदरला अंजिराचे दोन बहार. पावसाळ्याच्या तोंडाशी छाटून धरलेला खट्टा, पावसाळा उलटल्यावर छाटून धरलेला मीठा. खट्ट्याचं फळ दमट हवेत वाढतं, त्याला गोडी कमी. मीठ्याचं फळ थंडीत धरतं आणि कोरड्या उन्हात पिकतं, फाल्गुन-चैत्रात उतरतं. माझ्या मामंजींचा जीव मीठ्यात होता. त्यासाठीची त्यांची तयारी गौरी-गणपती उठले की सुरू व्हायची, आणि ती पानं पाडण्यापासून नव्हे, पानं राखण्यापासून. "आधी पान राखा, मग पान पाडा," हे त्यांचं सांगणं. भाद्रपदात अंजिराच्या पानाच्या पाठीवर तांबेरा येतो. बारीक गंजल्यासारखे ठिपके, आणि आठ-पंधरा दिवसांत सगळी बाग खाली. नवख्याला वाटतं, पानं गळायचीच होती, आपोआप गळली तर बरंच. तसं नसतं. काडी पोसायच्या आधी पान गेलं तर खोडात साठा होत नाही, आणि जमिनीत ओल असल्यामुळे झाड लगेच नवी पालवी काढतं. मग ऐन छाटणीच्या वेळी झाड कोवळं, रिकामं आणि अर्धवट जागं असतं. म्हणून गंधकाची भुकटी आणि बोर्डोची फवारणी.

या बोर्डोची जन्मकथा मला आवडते. फ्रान्समधल्या मेडोक भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींना शेतकरी मोरचूद आणि चुना फासत, वाटसरूंनी घड तोडू नयेत म्हणून. मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञानं पाहिलं की केवडा रोगानं आतल्या वेलींची पानं गेली, पण रस्त्याकडेची टिकली. १८८५ साली त्यानं त्याचं औषध म्हणून प्रमाण जाहीर केलं. चोराच्या भीतीनं लावलेला तो निळा लेप आमच्या पडवीत मातीच्या मोठ्या रांजणात कालवला जायचा. मोरचूद एका भांड्यात, चुना दुसऱ्या भांड्यात, आणि दोन्ही एकदम तिसऱ्यात ओतायची. मिश्रणात विळ्याचं पातं बुडवून बघायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त झालं, आणखी चुना घालायचा. हे पातं बुडवायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते मनापासून केलं.

खरी परीक्षा ताणाची. बाग ताणावर सोडायची म्हणजे पाणी बंद करायचं. मामंजींच्या वडिलांच्या काळी मोट होती, म्हणजे मोट थांबवायची. पुढं ऑइल इंजिन आलं, मग विजेची मोटर, मग ठिबक. पाणी द्यायची साधनं बदलत गेली, तोडायची कला तीच राहिली. हलक्या मुरमाड रानात महिना-सव्वा महिना पुरतो, काळ्या भारी जमिनीत त्याहून जास्त लागतो आणि तरीही ताण नीट बसेल याची खात्री नसते. अडचण आभाळाची. सप्टेंबरच्या शेवटी सूर्य हस्त नक्षत्रात जातो आणि आमच्याकडे हत्तीचा पाऊस म्हणतात तो याच दिवसांत कोसळतो. अंगणात आम्ही हादग्याचा फेर धरलेला असायचा, पाटावर हत्ती काढलेला, आणि मामंजी ओसरीवर आभाळाकडे डोळे लावून बसलेले असायचे. त्यांना तो पाऊस नको असायचा. ज्वारीला हवा असलेला पाऊस अंजिराला नको, आणि दोन्ही एकाच घरची पिकं. ही ओढाताण त्यांनी आयुष्यभर सोसली.

पावसानं ताण मोडू नये म्हणून मुळ्या उघड्या करायच्या. झाडाभोवतीची वीतभराच्या आतबाहेरची माती टिकावानं आणि पुढं खुरप्यानं हळूच काढायची. जाड मुळीला धक्का लावायचा नाही. वरची केसासारखी बारीक मुळं उघडी पडतात, उन्हानं वाळतात, काही तोडूनही टाकतात. आठ-दहा दिवस तसंच ठेवायचं. पाणी ओढणारी मुळंच गेली की खाली ओल असूनही झाडाला ती घेता येत नाही. मग पानांची चमक जाते, खालची पानं पिवळी पडतात, शेंड्याचा कोंब थांबतो. ताण पुरेसा झाला का हे बघायला मामंजी अंगठ्याच्या नखानं काडीची साल किंचित खरवडायचे. आत हिरवं आणि ओलसर असेल तर झाड झोपलंय. तपकिरी दिसायला लागलं तर त्याच दिवशी पाणी, बहार गेला तरी चालेल. झाड मारायचं नाही, हे त्या सगळ्या कठोरपणाच्या तळाशी होतं. बाहेरून बघणाऱ्याला उघड्या मुळ्यांची, मलूल पानांची बाग म्हणजे हेळसांड वाटते. मला तरी फळबागेतलं याहून काळजीचं काम माहीत नाही, कारण बागवान रोज प्रत्येक झाडापाशी थांबतो ते याच दिवसांत.

दसऱ्याच्या आगेमागे छाटणी. अंजिराला फळ नव्या फुटीवर, पानाच्या बेचक्यात येतं. त्यामुळे गेल्या वर्षीची काडी दोन-चार डोळे राखून कापायची, तरच नवी फूट जोमदार निघते. पूर्वी कोयत्यानं छाटत, फांदी चिरायची. मी आले तेव्हा सिकेटर आले होते. कापलं की पांढरा चीक गळतो, त्यानं बोटांची सालं निघतात. छाटणारे हाताला खोबरेल लावून उभे राहायचे. आडव्या-तिडव्या, रोगट फांद्या काढायच्या, उरलेली पानं हातानं खुडायची, आणि सगळा पालापाचोळा बागेबाहेर नेऊन जाळायचा, कारण तांबेरा त्यातच टिकून राहतो. हे गोळा करायचं काम बायकांचं. कापलेल्या तोंडांना बोर्डोचा घट्ट लेप लावायचा आणि खोडाला कमरेएवढा गेरू, चुना आणि मोरचुदाचा हात द्यायचा. खोडाला भोक दिसलं आणि खाली भुसा पडलेला असला तर आत अळी आहे असं समजायचं. तारेच्या आकड्यानं ती ओढून काढायची, नाहीतर रॉकेलचा बोळा घालून भोक चिखलानं लिंपायचं.

पुण्याच्या गणेशखिंडीत १८७३ साली सरकारी वनस्पती उद्यान निघालं. त्या जागेनं दख्खनच्या फळबागांना फार दिलं. जी. मार्शल वूड्रो यांनी बागकामावर जे लिहिलं ते याच परिसरात राबून, आणि पुढं डॉ. जी. एस. चीमा यांनी अंजीर, डाळिंब, द्राक्ष तिन्हींवर काम केलं. आळंदीच्या एका बागेतल्या डाळिंबातून १९३६ साली त्यांनी निवडलेला वाण पुढं गणेश या नावानं महाराष्ट्रभर गेला. अंजिराच्या झोपलेल्या डोळ्याच्या किंचित वर सालीची पातळ चकती काढून तो डोळा फोडायला लावायची रीत, जिला आमच्याकडे खाच पाडणं म्हणतात, तिचाही या मंडळींनी अभ्यास केला. १९५४ साली चीमा, भट आणि नाईक यांचं भारतातल्या व्यापारी फळांवरचं जाडजूड पुस्तक निघालं. या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांनी मळ्यांत येऊन पाहिलं. पण ज्यांच्या मळ्यांत त्यांनी पाहिलं, त्यांची नावं कुणी लिहिली नाहीत, हेही खरं.

सासवडच्या माळ्यांचं उदाहरण घ्या. विहिरीच्या पाण्यावर बागाईत करण्यात ही मंडळी इतकी तयार होती, की नीरेचे, गोदावरीचे कालवे झाले तशी ती बारामती, माळशिरस, कोपरगावकडे जमिनी खंडानं घेत पसरली. १९३२ साली त्यांनी अकलूजजवळ माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना उभारला. इतिहासात त्यांची ओळख उसाची झाली. पाणी द्यायचं कसं आणि तोडायचं कसं हे मात्र ते कऱ्हेकाठच्या फळबागांतून शिकून गेले होते, असं मी मानते.

माझ्या माहेरी, सांगोल्याला, गोष्ट वेगळी. तिथं डाळिंब घरोघर झालं ते १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली तेव्हापासून. तोवर ते माळरान कुसळाचं. डाळिंबाला तीन बहार धरता येतात. आंबे बहार म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलं, मृग म्हणजे पावसाच्या सुरुवातीला, आणि हस्त म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात. आंबे बहाराला ताण सोपा, हवाच कोरडी असते, पण पुढं उन्हाळाभर पाणी हवं, आणि ते सांगोल्याला नसतं. मृगाला पाऊस पाणी पुरवतो, पण रोगही पुरवतो. हस्ताला ताण बसवणं सर्वांत कठीण, फुलंही कमी, पण फळ थंडीत आणि कोरड्या हवेत वाढतं. या शतकाच्या पहिल्या दशकात तेल्या आला, फळांवर तेलकट डाग पडून ती तडकायला लागली, बागा कुऱ्हाडीनं तोडल्या गेल्या, आणि तेव्हा जाणत्यांनी हस्ताकडं वळायला सांगितलं. थंडीच्या तोंडाशी झाड तयार करायची जुनी, अवघड वाट रोगानं परत दाखवली.

तिथं आता पानं पाडायला इथ्रेल फवारतात. झाडावर ते इथिलीन वायू सोडतं, आणि आठवड्याभरात बाग उघडी होते. या वायूचा इतिहास रस्त्यावरच्या दिव्यांपासून सुरू होतो. १८६४ साली जिरार्दां यांनी नोंदवलं, की शहरातल्या दिव्यांना जाणारा गॅस जमिनीखालच्या नळांतून गळतो, तिथल्या रस्त्याकडेच्या झाडांची पानं अवेळी झडतात. १९०१ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये नेल्युबॉव्ह या तरुण अभ्यासकानं दाखवलं, की त्या गॅसातलं परिणाम करणारं द्रव्य म्हणजे इथिलीन. पुढं कळलं की पान गाळताना झाड स्वतःही हाच वायू तयार करतं. युरोपातल्या रस्त्यावर जी हानी होती, ती सांगोल्याला कामाची झाली. मी इथ्रेलच्या विरोधात नाही. माझे भाऊ ते वापरतात. पण ताण न देता नुसतं इथ्रेल मारलं तर पानं जातात, साठा मात्र झालेला नसतो, आणि फूट येते ती पानांचीच. दुकानातून बाटली आणता येते, सव्वा महिन्याची वाट बघणं दुकानात मिळत नाही.

द्राक्षाचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर नाशिक-सांगलीच्या लोकांनी भरपूर लिहिलं आहे. एकेकाळी नाशिककडं द्राक्षवेली पांगाऱ्याच्या जिवंत खुंटांवर चढवत, आता मांडव आणि वाय आकाराचे सांगाडे आहेत. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर हायड्रोजन सायनामाइडचा हात. इब्न बतूतानं पाहिलेल्या दोन पिकांपैकी पावसाळ्यातलं सोडून दिलं आणि सगळा जोर हिवाळ्यातल्या एकावर लावला, हे आधुनिक द्राक्षशेतीचं मर्म आहे.

पुन्हा अंजिराकडे वळते. ताण पुरा झाला की पहिलं पाणी. उघड्या मुळ्यांवर कुजलेलं शेणखत, धनगरांकडून घेतलेलं लेंडीखत आणि माती घालून आळं बांधायचं आणि पाणी अगदी हलकं सोडायचं. ती आंबवणी. चार-सहा दिवसांनी थोडं जास्त, ती चिंबवणी. मग नेहमीचं पाणी. तहानलेल्या झाडाला एकदम पोटभर पाणी दिलं तर फुललेले डोळे गळतात, हे मामंजी प्रत्येक नव्या गड्याला बजावून सांगत. आंबवणीच्या दिवशी नारळ फुटायचा. पंधरवड्यात काडीवर हिरवे ठिपके दिसायचे, सगळ्या झाडांवर एकाच सुमारास, आणि मग घरातले सगळे मोकळेपणी बोलायला लागायचे.

गेल्या काही वर्षांत हे वेळापत्रक सांभाळणं फार कठीण झालं आहे. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री कऱ्हेला पूर आला, सासवडच्या आसपासच्या शेतांची माती वाहून गेली. पुढं ऑक्टोबरभर पाऊस हटला नाही. नाशिककडं छाटलेल्या द्राक्षांचे घड जिरले, कुजले. आमच्याकडं ताण बसलाच नाही, ज्या बागा धरल्या त्या पानांनी भरल्या. आता मीठा बहार दिवाळीच्याही पुढं ढकलतात, मग फळ पार उन्हाच्या तडाख्यात सापडतं. २०१६ साली पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्हाला आनंद झाला. पण त्या मानांकनात जमीन येते, फळाचा रंग, आकार, गोडी येते. झाड कधी आणि कसं झोपवायचं, हे गावागावाच्या मातीनुसार बदलणारं ज्ञान ज्यांच्या हातात आहे ते लोक आता सत्तरीच्या पुढं आहेत.

म्हणून मी त्यांच्याकडे जाऊन बसायला सुरुवात केली आहे. प्रश्न एकच विचारते, तुमच्या रानात ताण पुरा झाला हे तुम्ही कशावरून ओळखता? उत्तरं वेगवेगळी येतात. कुणी पानाचा देठ दोन बोटांत धरून मुरडतो, तो न चिघळता सुटला तर झालं म्हणतो. कुणी सकाळी बागेत जातो, कारण दुपारी प्रत्येकच पान मान टाकतं, पण सकाळीही ते उभं राहिलं नाही तर खरा ताण. काळ्या जमिनीच्या एका आजोबांनी सांगितलं, की भाद्रपदानंतर ते दोन ओळींतलं तण मुद्दाम काढत नसत. वाढू देत, म्हणजे ते जमिनीतली जादा ओल ओढून घेतं, आणि बी धरायच्या आत सगळं उपटून आळ्यात गाडत. हे मी त्यांच्या शब्दांत, रानाची जात आणि झाडाचं वय लिहून, वहीत उतरवलं आहे. पुढची बैठक दिव्याला आहे, छाटणीच्या आधी.